खाली बघणारा देवदूत

मेस्तकाका मूर्तीचे डोळे आखायला बसले की शाळेत कोणी शिंकायचंसुद्धा नाही. शाळा म्हणजे गणपतीची. मालवणात गणपती घडवतात त्या जागेला शाळाच म्हणतात. आठवीत शाळा सोडलेली मी, चिऱ्याच्या खाणीवर कामाला आलेल्या नवऱ्यामागे जालन्याहून इकडे आले आणि पुन्हा शाळेत बसले ती अशी. काका मला रंग कालवायला बसवत आणि मी घाबरले की म्हणत, "रंगाक भिऊ नको गो, तो पुसाक येता."

त्या वर्षी खाण बंद पडली. गणपती गेल्यावर शाळेतही काम उरलं नाही. आम्ही गावाकडे परतायचं बोलत होतो, तोच शहरातल्या जुन्या चर्चच्या फादरांनी काकांना बोलावलं. आधी एक देवदूत रंगवा, पसंत पडला तर सगळी वेदी तुम्हालाच. उन्हाळाभराचं काम होतं ते.

चर्चची पुढची भिंत कमानी-कंगोऱ्यांनी सजलेली, छपराच्याही वर गेलेली; मागे मात्र साधी कौलं. मला ती फसवणूक वाटली. काका म्हणाले, दशावतारी नाटकातल्या राजाचा मुकुट पुढून बघायचा, पाठीमागून नव्हे. आतले वेदीचे खांब ओला पंचा पिळावा तसे पिळलेले, त्यांवर द्राक्षांचे वेल. गोव्याच्या कारागिरांनी परदेशी चित्रं बघून हे लाकडात कोरलं, असं फादरांनी सांगितलं. या घाटाला बरोक म्हणतात, म्हणजे पोर्तुगीजांच्या बोलीत वाकडा मोती. काका लगेच म्हणाले, "वाकडो आसलो तरी मोतीच मरे."

देवदूताचे गाल झाले, पंख झाले. शेवटी काकांनी डोळे आखले. मी परांचीवरून खाली उतरून पाहिलं. वेदीवरचे बाकी सगळे देवदूत वर, आभाळाकडे बघत होते. आमचा खाली, समोर उभ्या माणसाकडे बघत होता, गणपती बघतो तसा; कुठेही उभं राहा, नजर आपल्यावरच. जन्मभराच्या सवयीने काकांचा हात तिकडेच वळला होता.

फादर आले. त्याच देवदूताचा, रंग उडण्याआधीचा, वर बघणारा फोटो त्यांनी मोबाइलवर काकांपुढे धरला. मी मनात भांडीकुंडी बांधायला लागले.

काकांनी फोटो पाहिला, मान हलवली. "चुकलंय, फादर. पुसतंय. पण एक आयतवार ऱ्हवांदे."

रविवारी आम्ही मागच्या बाकावर बसलो. प्रार्थना संपली तरी मासळी विकणारी एक म्हातारी त्या देवदूतासमोरून हलेना. फादर जवळ गेले तेव्हा ती त्यांना म्हणाली, "बाकीचे सगळे वर बघतत. ह्यो एकटो आमचां आयकता. ह्येका हात लावू नकात."

फादर हसले. सोमवारी शिडी दुसऱ्या देवदूताकडे न्या म्हणाले, फक्त त्याला वर बघू द्या. माझा जीव भांड्यात पडला. बाहेर येऊन मी आधी जालन्याला आईला फोन केला, की येत नाही.

पुढे काकांचा हात कापू लागला. डोळ्यांचा कुंचला त्यांनी माझ्या हाती दिला आणि लेकीकडे सावंतवाडीला जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी स्टँडवर जाता जाता चर्चमध्ये शिरले. त्या देवदूतासमोर उभे राहिले, चार पावलं डावीकडे गेले, चार उजवीकडे.

"बघता," म्हणाले, आणि पिशवी उचलली.