उकिरड्यावरचा थिरथिरा

वाटणी झाली आणि सासूबाईंचेही महिने ठरले. एक महिना माझ्याकडे, एक धाकट्या जावेकडे. बहात्तरचा दुष्काळ अजून पडायचा होता. केडगावच्या अलीकडे आमची वस्ती, दोन बिऱ्हाडांचं अंगण लागूनच.

थिरथिरा हा पक्षी चिमणीएवढाच. पाठ आणि गळा काळा, पोट गेरूसारखं तांबूस, आणि शेपूट हुडहुडी भरल्यासारखं सारखं थरथरतं. दिवाळीच्या सुमारास उत्तरेकडून यायचा, होळीच्या मागेपुढे जायचा. दरसाल उकिरड्याकडची आपली जुनी जागा धरायचा, आणि ती जागा वाटणीत जावेकडे गेली.

सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू, पण ते हलणारं शेपूट त्यांना कळायचं. सकाळचं ऊन खायला त्यांना तोच समोर लागायचा. पौष माझा होता, भाकरी माझी खायच्या आणि बाज टाकायला लावायच्या जावेच्या दारात. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तो माझ्या दारात यावा म्हणून मी रोज सडा घातला, दिवसाआड सारवलं, मूठ मूठ ज्वारी टाकली. चिमण्यांनी पोट भरून घेतलं. तो दाण्याला चोचही लावत नाही, त्याला किडे लागतात, हे मला उशिरा कळलं. आणि किडे होते जावेच्या उकिरड्यावर. माझ्या चकचकीत अंगणात मुंगीसुद्धा टिकत नव्हती.

मग मी घाण वासाची कुरकुर सुरू केली. जाऊ गरीब स्वभावाची. दोन दिवसांत तिने सगळं खत गाडीत भरून रानात टाकायला लावलं. तिसऱ्या दिवसापासून थिरथिरा दिसेनासा झाला.

आठवड्याने तिने विचारलं, "बाई, तुमच्याकडं येतो का वो त्यो आता?"

"व्हय, रोज येतो," मी ठोकून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आपल्या हाताने बाज माझ्या अंगणात आणली, सासूबाईंना धरून बसवलं. त्यांनी विचारलं, "कुठं हाय गं?" मी गोठ्याच्या मेढीच्या खांबाकडे बोट केलं. मेढ रिकामी होती. सासूबाई डोळे बारीक करून बघत राहिल्या.

जावेचे डोळे चांगले होते. तिने मेढीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या कानाशी वाकली.

"त्यो काय, आत्या. शेपूट हालवतोय बघा."

सासूबाई हसल्या. उरलेला महिना त्या माझ्याच दारात बसल्या, आणि मी जळत राहिले ती जावेवरच. असं खोटं मला सुचलंच नसतं.