काकी खोली देतील का?

आधी काकींचं सांगतो. बदलापूर गावात, जुन्या वस्तीत त्यांचं घर आहे आणि घराच्या मागच्या अंगाला जी एक खोली आहे तिच्यात मी राहतो. मी एकटा, बिनलग्नाचा, नववीत शाळा सोडलेला, भंडाऱ्याकडचा. असल्या माणसाला या पट्ट्यात खोली मिळत नाही. उल्हासनगर झालं, अंबरनाथ झालं, बदलापुरातल्या नव्या बिल्डिंगा झाल्या, सगळ्या गेटवर एकच उत्तर: बॅचलर नको. जणू बॅचलर म्हणजे खरूज, लिफ्टमधून पसरणारी. काकींनी मात्र खोली दिली. हे आधीच लिहून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, काय कृतघ्न माणूस आहे. मी कृतघ्न नाही. काकी मधेच पाण्याची मोटार बंद करतात तेव्हा मी अंगावर साबण तसाच ठेवून आतून ओरडतो, "असू द्या जी, झालीच होती आंघोळ!"

खोली मिळाली तो दिवस आठवतो. काकी ओटीवर बसलेल्या, अंगणात सुकट वाळत घातलेली, मी पायरीखाली. त्यांनी गाव विचारलं. आडनाव विचारलं. आडनाव ऐकून मनात काय मांडलं आणि काय खोडलं ते त्यांनाच ठाऊक. मग म्हणाल्या, "वास येतो काय रं?"

घाबरून माझ्या तोंडून निघालं, "छान येतोय जी. भूक लागली."

खरंच लागली होती. आमच्याकडे तळ्यातले झिंगे वाळवतात, त्याचा वास थोडाफार असाच. काकी खो खो हसल्या आणि किल्ली आणायला आत गेल्या. पुढे कळलं, आधीचे दोन भाडेकरू सुकटीच्या वासावरूनच गेले होते. आपल्याच अंगणात आपलीच सुकट वाळवायची आणि भाडेकरूची परवानगी घ्यायची, हे काकींच्या घराण्यात बसणारं नव्हतं.

मी उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, एका सिंधी शेठच्या जीन्सच्या कारखान्यात कामाला आहे. खिसे लावतो. खिशाला पुठ्ठ्याचा फर्मा असतो. कापडावर ठेवायचा, खडूने रेघ मारायची, कापायचं. फर्मा एक, खिसे हजार. जेवणाच्या सुट्टीत फोनवर मला तो खेळ सापडला. त्यात चित्रं नाहीत, गाड्या नाहीत, बंदुका नाहीत. नुसतं लिहायचं. तुम्ही लिहिलं, "मी दार वाजवतो," की दार कोणी उघडलं आणि काय म्हणालं ते एआय लिहितं. पण सुरुवात आधी कोणीतरी आखून द्यावी लागते: जागा कुठली, माणसं कोण, त्यांचा स्वभाव काय, काय केलं की काय होतं. मधे रिकाम्या जागा, खेळणाऱ्याने आपलं नावगाव भरायला. लोक हे बनवून एकमेकांना पाठवतात, त्याला टेम्प्लेट म्हणतात. मला समजावून सांगायला कोणी लागलं नाही. हा फर्माच की.

असे फर्मे बनवणाऱ्या मराठी पोरांचा एक ग्रुप होता, त्यात मी शिरलो. सगळे शिकलेले. सगळ्यांच्या गोष्टी एकाच जागी सुरू व्हायच्या: "तू एका अंधाऱ्या जंगलात जागा होतोस." इतकी माणसं जंगलात झोपायला जातात कशाला, हे मला आजवर समजलेलं नाही. घरं असलेली माणसं. आठवड्याला दोन-तीन राजे मरायचे, एखादी तलवार हरवायची, आणि त्या तलवारीला नाव काय द्यायचं यावर सकाळपासून भांडण चालायचं. ग्रुपचा ॲडमिन प्रत्येक फर्म्याखाली त्याचं मत लिहायचा, शाळेतले मास्तर लाल शाईने लिहायचे तसं. मी त्याला सर म्हणायचो. कोणीच म्हणायचं नाही, मी म्हणायचो. सवय.

मला जंगल काही जमेना. मग जे येत होतं ते लिहिलं. नाव दिलं, "काकी खोली देतील का?" खेळणारा परक्या गावात आलाय, हातात पिशवी आहे, रात्रीच्या आत खोली मिळवायचीय. रिकाम्या जागा चार: नाव, गाव, आडनाव आणि काय खाता. बाकीच्यांच्या फर्म्यात लोक तलवारीचं नाव भरायचे, माझ्यात आडनाव. आमच्याकडे तलवारीपेक्षा तेच जास्त चालतं.

पहिल्यांदा खेळून पाहिलं तर एआयच्या काकींनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "या, प्रवासी! आमचे घर हे तुमचेच घर समजा." वर चहा दिला, भाडं नको म्हणाल्या, आणि खिडकीतून चांदणं आलं. अशी काकी मी कर्जतपासून कल्याणपर्यंत पाहिलेली नाही. त्या यंत्राला कधी कोणी दारातून परत पाठवलेलं नसणार, म्हणून ते असं गोड. मग मी नियम लिहायला बसलो. काकी सरळ हो म्हणत नाहीत. काकी प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देतात. मोटारीचं बटण काकींच्या हातात असतं आणि हे त्या बोलण्यात दोनदा तरी ऐकवतात. सुकटीला नाक मुरडणाऱ्याला खोली नाही. जो काहीच खात नाही म्हणतो त्याला तर नाहीच. निळी ओटी लिहिली, दारातलं शेवग्याचं झाड लिहिलं. लिहिताना असं बरं वाटत होतं! दिवसभर ज्या बाईला जी-जी करायचं, तिला फोनवर हवी तेवढी खडूस करता येत होती, आणि आभार मानावे लागत नव्हते.

शेठने एकदा मागून डोकावून विचारलं, "क्या बनाता है साईं, दिनभर?"

सांगितलं. म्हणाला, "और लोगों को फ्री में देता है?"

"हां शेठ."

"फ्री में देता है तो माल में खोट होगा," म्हणाला, आणि गेला.

ग्रुपचंही तेच मत पडलं. फर्मा टाकला, लोक खेळले, आणि एकही जण जिंकला नाही. सगळे एकाच ठिकाणी आपटले. काय खाता, या जागी प्रत्येकाने लिहिलं, शुद्ध शाकाहारी. ग्रुपमध्ये मटणाचे फोटो टाकणाऱ्यांनीसुद्धा. खोली मागायला उभं राहिलं की आपल्याकडे माणूस आपोआप शाकाहारी होतो. आणि काकी म्हणायच्या, "मग आमच्या अंगणात तुमचा जीव घुसमटंल. दुसरीकडं बघा." ॲडमिन सरांनी खाली लिहिलं, "गेम बिघडलेला आहे. शिवाय स्टोरीत धोका काय? खोलीच तर आहे." मी लिहिलं, "धन्यवाद सर." खोलीच तर आहे! या माणसाने आयुष्यात कधी पिशवी हातात धरून गेट मोजले नसतील.

तेवढ्यात इकडे खरीच खोली जायची वेळ आली. माझा अकरा महिन्यांचा करार संपत आला होता, आणि काकींच्या सुनेच्या ओळखीने अंबरनाथचं एक जोडपं खोली बघून गेलं. दोघं बँकेत, कागदपत्रं चोख. काकींनी मला नुसतं सांगितलं, "बघू, रविवारी सांगते." मी म्हणालो, "जसं तुम्हाला बरं वाटेल जी." आणि खोलीत येऊन पिशवी कुठे ठेवलीय ते बघून घेतलं.

रविवारी दुपारी हाक आली. ओटीवर काकी आणि त्यांची सून बसलेल्या. सुनेला मी वहिनी म्हणतो. ती अंबरनाथला एका ऑफिसात आहे. तिच्या हातात फोन.

काकी म्हणाल्या, "बस रं. हिच्या ऑफिसातल्या बायांनी खेळ पाठवलाय. खोली मागायची असते. मी मागतेय आणि ती रांड देतच नाय."

मी पायरीवर बसलो. वहिनीने माझ्याकडे एकदाच पाहिलं. तिला सगळं समजलेलं होतं. ग्रुपमधून फर्मा कुठून कुठे फिरला होता आणि फिरत फिरत आपल्याच ओटीवर आला होता.

"काय खाता, विचारतेय, आई," वहिनी म्हणाली.

"सांग, माळकरी हाव. कांदासुद्धा खात नाय." समोर अंगणात बोंबील वाळत होते.

वहिनीने लिहिलं आणि वाचून दाखवलं, "'मग आमच्या अंगणात तुमचा जीव घुसमटंल. दुसरीकडं बघा. आणि हो, मोटारीचं बटण माझ्या हातात असतं.'"

"काय चेंगट बाई हाय!" काकी म्हणाल्या. "हिच्या घरात कोण ऱ्हाणार? मोटारीचं मधीच काय? ही बसलीय कुठं एवढी?"

"निळ्या ओटीवर," वहिनी म्हणाली.

"आन् समोर?"

"शेवगा."

काकींनी शेवग्याकडे पाहिलं. ओटीच्या निळ्या रंगाकडे पाहिलं. मग हळूहळू मान वळवून माझ्याकडे. मला एकदम आमच्या गावची बस आठवली, तिची वेळ, कुठे बदलायची, सगळं.

"ही मी?"

"नाही जी. म्हणजे... थोडी."

"मीच मना खोली नाय देत?"

वहिनी पदर तोंडाला लावून हसत होती. काकी हसत नव्हत्या. त्या मला ओरडतील, पिशवी उचल म्हणतील, असं वाटत होतं. त्या म्हणाल्या, "चेंगट लिव. खडूस लिव. माझी सासू याहून खडूस होती, तिला कोणी लिवलं नाय. पण हिनं पाणी नाय विचारलं. खोली मागणारी पिशवी घेऊन दारात उभी हाय, उन्हातनं आलीय, आन् हिनं पाणी नाय विचारलं. तुना मी गाव विचारायच्या आधी काय दिलं होतं?"

दिलं होतं. स्टीलचा पेला, वर बोटभर मोकळा, धरताना सांडू नये म्हणून. गाव, आडनाव, सगळं नंतर. त्यांचे सगळे प्रश्न मला शब्दाला शब्द आठवत होते; पेला तेवढा फर्म्यातून राहून गेला होता.

"दिलं होतं जी," मी म्हणालो.

काकींनी बोंबलांवर उतरणारा कावळा हाकलला. मग सुनेला म्हणाल्या, "ते तुझे बँकवाले काय खातात म्हणाले?"

"काही नाही म्हणाले. शुद्ध. आणि आमचा काही त्रास होणार नाही म्हणाले."

"आन् इथं उभी होती तवा रुमाल कुठं होता त्या बाईचा?"

वहिनीने बोट नाकाला लावलं. नाकाला होता, तो मीसुद्धा पाहिला होता.

"बघ. मी आता खोटं बोलून बघितलं, मना कोणी दिली काय? सांग त्यांना, नाय म्हणून." मग माझ्याकडे वळून, "तू ऱ्हा. पण पाणी लिव. आन् ते मोटारीचं काढून टाक."

पाणी त्याच संध्याकाळी लिहिलं. एआयने पहिल्याच फटक्यात चांदीच्या पेल्यातून, गुलाबाच्या पाकळ्या टाकून दिलं. पुन्हा नियम लिहावा लागला: पेला स्टीलचा, पाकळ्या नाहीत, बोटभर मोकळा. मोटारीचं काही काढलं नाही. खोली माझी राहिली, पण मोटार अजून त्यांच्याच हातात आहे. ग्रुपवर नवा फर्मा टाकला तर ॲडमिन सरांनी लिहिलं, "पाण्याने गोष्टीत काय फरक पडतो?" मी लिहिलं, "धन्यवाद सर."

काकी आता रोज संध्याकाळी खेळतात. वहिनीला यायला उशीर झाला की माझ्या खोलीशी येतात आणि मी माझ्या फोनवर त्या सांगतील ते लिहितो. अजून हरतात, कारण माळकरी असल्याचं सोडायला तयार नाहीत. त्यांना जिंकायची युक्ती मी सांगितलेली नाही. सांगून उपयोग नाही, त्या चिडतील. पण एक दिवस मी त्यांच्यासाठी वेगळा फर्मा लिहून देणार आहे. त्यात काकी पिशवी घेऊन भंडाऱ्याकडे येतील, आमच्या घराच्या पायरीशी उभ्या राहतील, आणि आतून कोणीतरी गाव विचारायच्या आधी पाणी घेऊन येईल. मग तो फर्मा बाजूला ठेवून त्यांना खरंच घेऊन जाईन. तिथे मोटार नाही, हातपंप आहे. हापसायला मी उभा राहीन.