डावी सीट रिकामी नाही

मी विमा कंपनीत आहे. दाव्यांच्या फायली बघून बघून स्वभावच असा झालाय की कुणी काही सांगितलं की आधी पुरावा मागतो. भूतबित, अंगात येणं... घरात विषय निघाला की मी उठून जायचो. त्यामुळे हे लिहू की नको, असं झालंय. शिवाय वाढलो जयपूरला, मराठी लिहायची सवय कमी. चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबा फौजेत हवालदार. मूळ साताऱ्याकडचे, शेवटचं पोस्टिंग जयपूर, मग इथेच जगतपुऱ्यात फ्लॅट घेतला. कुठेही निघायचं असलं की सगळ्यांच्या आधी खाली जाऊन, गाडीत डाव्या सीटवर पट्टा लावून बसायचे. मग वर फोन — "चला रं, किती नटताय?"

गेल्या वर्षी त्यांचे फौजेतले दोस्त मोरेकाका कायमचे मुलाकडे कोल्हापूरला निघाले. संध्याकाळची रेल्वे; स्टेशनवर निरोप द्यायला जायचं होतं. पुन्हा भेट होणं अवघडच होतं. वैशालीनं, माझ्या बायकोनं, काकांच्या प्रवासासाठी दशम्या करून दिल्या. डबा घेऊन बाबा खाली निघाले. मी ऑफिसातून नुकताच आलो होतो. पुन्हा त्या ट्रॅफिकमध्ये जायचं अगदी जिवावर आलं. मोबाइलवर गाडीचं नोटिफिकेशन पडून होतं — नवं सॉफ्टवेअर आलंय, इन्स्टॉल करायचं का? ते होईपर्यंत गाडी जागची हलत नाही, हे मला माहीत होतं.

बाबा लिफ्टमध्ये असतानाच मी बटण दाबलं.

खाली गेलो तर ते बंद दाराशी उभे, डबा छातीशी धरून.

"काय झालं रं हिला?"

"कंपनी इंटरनेटवरून अपडेट करतेय, बाबा. आपोआप होतं ते. माझ्या हातात नाही."

त्यांनी काचेतून आतल्या स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "असू दे," म्हणाले. ऑटोनं स्टेशनवर पोचलो तोवर रेल्वे गेली होती. दशम्या आम्हीच खाल्ल्या.

त्या हिवाळ्यात बाबा झोपेतच गेले. बटणाचं मी कुणालाच सांगितलं नाही. वैशालीलाही नाही.

यंदा पुन्हा अपडेट आलं. गाडीत कुणी बसलेलं असलं तर ते सुरूच होत नाही. मी बटण दाबलं की एकच उत्तर — पुढच्या डाव्या सीटवर प्रवासी आहे. सीट रिकामी! साधी पिशवीसुद्धा नाही. 'पट्टा लावा' सांगणारा लाल दिवा मात्र चालू. सर्व्हिस सेंटरवाल्यानं सगळं तपासलं. "सेन्सर तो एकदम ठीक है, सर." घरी आणली, बटण दाबलं... पुन्हा तेच.

वैशाली हसून म्हणाली, "अहो, बाबा आधीच जाऊन बसलेत. या वेळी तुमचं काही चालू द्यायचे नाहीत."

तिनं गंमत केली होती. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळी एकटाच गाडीत जाऊन बसलो आणि स्पीकरवर मोरेकाकांना फोन लावला. सगळं सांगून टाकलं. पलीकडून खोकत खोकत हसू.

"आरं, ठावं हाय मला! तुझ्या बानं त्याच राती फोन केलता. म्हणला, गाडीतल्या त्या टीव्हीगत पाटीवर लिवलंय, मालकाच्या फोनवरनं मंजुरी दिलीया. पोरगं दमून आलं हुतं, नुस्तं 'कंटाळा आलाय' म्हणलं असतं तरी चाललं असतं की!"

मी स्पीकरचा आवाज वाढवला.

"आन् दशम्या कशा झाल्यात, त्ये बी सांगत बसला. लई जळवलं मला!"

फोन ठेवला. डाव्या सीटकडे वळून मोठ्यानं म्हणालो, "बाबा, मीच दाबलं होतं. कंटाळा आला होता."

पट्ट्याचा दिवा विझला.

मी वर जाऊन बटण दाबलं. अपडेट बिनतक्रार झालं.

सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, सेन्सरमध्ये काही गडबड असेल, ती नव्या सॉफ्टवेअरनं गेली. पण दिवा तर सॉफ्टवेअर इन्स्टॉल व्हायच्या आधी विझला होता ना? हे विचारलं की तो विषय बदलतो. असा दावा माझ्या टेबलावर आला असता तर मी 'पुरावा अपुरा' लिहून परत पाठवला असता.

एक मात्र झालंय... आता कुठे निघायचं असलं की सगळ्यांच्या आधी मीच खाली जातो. आधी डावं दार उघडतो, मग माझं.