रामराम करणारे नकोत

कोणाला यादीतून उडवलं की ताई कॉम्प्युटरच्या पडद्यावर हलकी फुंकर मारायच्या. भाजलेले शेंगदाणे चोळून आपण फोलपटं उडवतो ना, तशी. मग चष्मा वर सरकवून म्हणायच्या, "फालतू गर्दी!" आणि पुढच्या ओळीकडे वळायच्या.

अमरावतीत एका बँकेच्या वरच्या मजल्यावर आमचं जाहिरातींचं ऑफिस आहे. तुम्ही मोबाईलवर काही शोधता तेव्हा सगळ्यात वर दोन-तीन जाहिराती येतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. त्यावर तुमचं बोट पडलं की जाहिरात देणाऱ्याच्या खिशातून पैसे जातात, मग तुम्ही काही विकत घ्या किंवा घेऊ नका. म्हणून बिनकामाची बोटं आधीच अडवावी लागतात. ते काम ताईंचं. अशा खुर्चीवर दयाळू माणूस बसलं तर ऑफिस बुडायला वेळ लागत नाही. आमचं ऑफिस उत्तम चाललं होतं.

अकोल्याचं एक डोळ्यांचं हॉस्पिटल आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांची जाहिरात सुरुवातीला कुठे कुठे भटकायची, सांगून खरं वाटणार नाही. फुगे फोडायच्या एका खेळात ती दिसायची, आणि चिल्लीपिल्ली फुगा समजून तिच्यावर बोट मारायची. ताईंनी तो खेळ उडवला. मग शाळेसाठी डोळ्याची आकृती शोधणारे उडवले. काजळवाल्या गेल्या. 'उजवा डोळा फडफडणे शुभ की अशुभ' हे विचारणारे तर इतके निघाले की ताई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अशुभच हाय यायच्यासाठी. उडव!"

माणसांनाही त्या अशाच चाळायच्या. बडनेऱ्याचे सोफ्याची कव्हरं विकणारे एक काका दर सोमवारी ऑफिसात येऊन बसायचे. जाहिरात चालत का नाही, हे विचारायला. ताईंनी एकदा सगळ्यांसमोर सांगितलं, "काका, तुमच्या दुकानाले मोबाईल नाही पायजे. रिक्षावर भोंगा लावा अन् फिरवा." काका पडल्या चेहऱ्याने जिना उतरले. त्यांनी खरंच भोंगा लावला, आणि धंदा सुधारला. उद्धटपणाचं असं असतं, की तो अधूनमधून बरोबर निघतो. मग माणसाला त्याची चटक लागते.

ताई अकोटकडच्या. भाजीपाला आणि झेंडू पिकवणाऱ्या घरातल्या. लहानपणी पहाटे टोपल्यातून किडकी वांगी वेगळी काढायचं काम त्यांच्याकडे असायचं, असं त्या अभिमानाने सांगत. शिकल्या, अमरावतीला आल्या, लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत. आलेली स्थळंही त्यांनी फुंकर मारून उडवली असणार. गावाकडे घरी वडील एकटे. ताईंनी त्यांना मोबाईल घेऊन दिला होता आणि हवं ते मोबाईललाच बोलून विचारायला शिकवलं होतं, कारण त्यांना लिहिता येत नव्हतं आणि लेकीला दर तासाला फोन घ्यायला वेळ नव्हता.

मग हॉस्पिटलची नवी तक्रार आली. फोन फार येतात, माणसं लांबलचक बोलतात, तपासायला मात्र कोणी येत नाही. ताई दोन दिवस कानाला हेडफोन लावून त्या फोनांचे आवाज ऐकत आणि त्या माणसांनी आधी मोबाईलला काय विचारलं होतं ते वाचत बसल्या. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता त्यांनी शोध जाहीर केला.

"जो मोबाईलले रामराम करते ना, त्याच्यापाशी पैसा नसते."

आम्हाला काही कळेना. त्यांनी समजावून सांगितलं. पैसेवाला दोन-तीन शब्द बोलतो आणि मोकळा होतो. 'मोतीबिंदू ऑपरेशन अकोला.' खेड्यातला म्हातारा मात्र माणसाशी बोलावं तसं मोबाईलशी बोलतो. 'रामराम भाऊ, डोयाले दिसत नाही बराबर, काही उपाय सांगजा.' हाच माणूस पुढे फोन करतो, खर्च विचारतो आणि गप्प होतो. तेव्हा रामराम बंद. भाऊ बंद. दादा बंद. सांगजा बंद. या शब्दांवर जाहिरात दिसायचीच नाही.

मी म्हटलं, "ताई, हे आपलेच लोक आहेत."

"आपले हायत म्हणूनच मले समजलं. पुण्याच्या पोराले हे सुचलं असतं काय?"

नसतंच सुचलं. त्याला वाटलं असतं, कोणी म्हातारा गंमत करतोय. माणसाच्या अदबीवरून त्याचा खिसा ओळखायचा, तर त्याच मातीतलं माणूस लागतं. महिनाभरात हॉस्पिटलचे फोन शांत झाले. व्यवस्थापकाने पेढ्यांचा पुडा पाठवला. ताईंनी तो सगळ्यांना वाटला आणि उरलेला घरी नेला.

या कामातली एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. एकदा शब्द बंद केला की तो बोलणारा माणूस आमच्या पडद्यावर पुन्हा येत नाही. तो बरा झाला की आंधळा झाला, आम्हाला कळायचं काही कारण उरत नाही. म्हणून रात्री झोप छान लागते.

पण ताई एवढ्यावर थांबल्या नाहीत. त्याच सुमारास डोळ्यात टाकायचे थेंब विकणारा एक माणूस आमच्या ऑफिसच्या साहेबांकडे आला. ऑपरेशन नको, तपासणी नको, सगळं धूसर दिसणं थेंबांनी जातं, असा त्याचा माल. त्याला स्वस्तातली गर्दी हवी होती. ताईंनी हॉस्पिटलच्या यादीतून उडवलेले सगळे शब्द उचलले आणि त्याच्या पदरात टाकले. रामराम, भाऊ, सांगजा, सगळे. "फेकाचं कायले? ज्याले पायजे त्याले देऊन टाकाचं," त्या म्हणाल्या. साहेब इतके खूश झाले की त्यांनी ताईंना खिडकीजवळची जागा दिली.

पावसाळा संपताना ताईंचे वडील एसटीने अमरावतीला आले. डोक्याला पांढरा रुमाल, हातात वांग्यांची पिशवी. दारातून आत येताना खांदा चौकटीला लागला. खुर्चीची पाठ चाचपून बसले. चहा बशीत ओतताना निम्मा टेबलावर सांडला.

"बाबा, नीट पाहा ना जरा! लोकायचे कागद हायत इथं," ताई खेकसल्या.

"दिसत नाही ना माय तेवढं," म्हातारा हसत म्हणाला. "डावा तं बंदच झाल्यासारखा हाय. पन औषध चालू हाय मायं. फायदा पडन."

त्यांनी खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली. लेबल आम्ही सगळ्यांनी ओळखलं. त्याचा फोटो ताईंच्या पडद्यावर तेव्हाही उघडा होता.

"कुठून घेतलं हे?"

"मोबाईलवरून. रामराम भाऊ म्हटलं, डोयात धुकं दिसते, काही सांगजा. त्यानं लगेच नंबर देला. घरपोच आलं."

"मले काहून नाही विचारलं?"

"तू कामात असतं माय." म्हाताऱ्याने बाटली पुन्हा खिशात ठेवली. "अन् तुहंच तं हापिस हाय ना थे? तूच सांगे का मोबाईलवर जे वरते वरते येते थे आमी लावतो. म्या म्हटलं, पोरीनंच लावलं असन. मंग बिनधास्त टाकले."

मला त्या क्षणी ताईंची दया आली नाही, खरं सांगतो. राग आला. म्हाताऱ्याच्या त्या हसण्याचाही राग आला. ताईंनी फक्त टेबलावरचा चहा स्वतःच्या ओढणीने पुसला आणि मला म्हणाल्या, "गाडी काढता?"

अकोल्याला पोचलो तेव्हा हॉस्पिटलात रांग नव्हतीच. काउंटरवरच्या बाईने ताईंना ओळखलं. "मॅडम, तुमच्यामुळे आजकाल किती निवांत आहे," ती कौतुकाने म्हणाली. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू होता. डावा डोळा गेला होता. उजवा औषधावर टिकेल, पण जन्मभर रोज थेंब टाकावे लागतील. "काही महिने आधी का नाही आलात?" त्यांनी म्हाताऱ्याला विचारलं. म्हातारा म्हणाला, "इथं दवाखाना हाय हे कोनी सांगतलंच नाही ना साहेब." ताई भिंतीवरचा डोळे तपासायचा मोठा तक्ता वाचत उभ्या होत्या. त्यांना तो पार खालच्या ओळीपर्यंत दिसत असणार.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हॉस्पिटलचे बंद केलेले शब्द उघडले आणि थेंबवाल्याकडचे काढून घेतले. आठवड्यात हॉस्पिटलचा फोन पुन्हा वाजू लागला, आणि तिथला व्यवस्थापक आमच्या साहेबांवर ओरडला. थेंबवालाही ओरडला. साहेबांनी शब्द होते तिथे परत नेले. ताईंनी पुन्हा उघडले. तेव्हा साहेबांनी त्यांना आत बोलावून अगदी गोड आवाजात विचारलं, "ताई, हे शिकवलं कोणी आम्हाला?" ताई बाहेर आल्या, टेबलावरचा डबा उचलला आणि जिना उतरल्या. कोणी अडवलं नाही. खिडकीजवळची जागा आता मला मिळाली आहे. शब्द अजून बंदच आहेत. ते उघडले तर मलाही जिना उतरावा लागेल, आणि माझे वडील डोळ्यांनी ठणठणीत आहेत.

गेल्या महिन्यात अकोटला एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्या घरी गेलो. ताई अंगणात झेंडूच्या ढिगापाशी बसल्या होत्या. बारीक झाल्या होत्या. मला पाहून उठल्या, पाणी दिलं, ऑफिसातल्या एकाचंही नाव काढलं नाही. मग थेंबांची वेळ झाली म्हणून हॉस्पिटलची बाटली घेऊन वडिलांच्या खाटेपाशी गेल्या.

म्हाताऱ्याने तोंड फिरवलं. "हे नोको. हे आग करते. थे मोबाईलवरचे आन, थंड होते थे. दवाखान्यावाल्यायचं काही खरं नाही."

ताईंनी बाटलीचं झाकण काढलं. मी तिथे आहे हे त्यांना आठवलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडे पाठ केली.

"थेच हायत बाबा," त्या म्हणाल्या. "नवी बाटली हाय फक्त."

"तूच लावलेले?"

"हो. मीच लावलेले."

"मंग टाक," म्हातारा म्हणाला, आणि त्याने उरलेला डोळा मोठा उघडून वर धरला.