पिसं थांबायसाठी

मामा डब्यातून बॅडमिंटनचं शटल काढायचे, पिसं खाली आणि बूच वर असं खांद्याइतकं उंच धरायचे आणि सोडून द्यायचे. हातभर खाली येईतो ते गिरकी घेऊन बुचावर यायचं. नीट वळलं तर मामा मान हलवायचे, डगमगलं तर शटल बाजूच्या टोपलीत. आम्ही रॅकेटी घेऊन ताटकळलेले. कुणी घाई केली की म्हणायचे, "थांबा की साहेब. फुलाला आधी हवेला इचारू द्या."

शटलला ते फूलच म्हणायचे. छावणीजवळच्या आमच्या हॉलवर ते शिपाई होते. अशा माणसाला आपल्याकडे नावानं कोण हाक मारतं? तुमच्याही शाळेत, कचेरीत एक मामा असतीलच. आमचे देवगाव रंगारीकडचे, वाळकुडे, आणि शटलच्या बाबतीत भलते हट्टी.

संध्याकाळी चहाची किटली आली की मामा आधी शटलचा डबा दोन्हीकडून उघडून वाफेवर धरायचे. आपली हवा कोरडी, पिसं कडक होऊन दोन फटक्यांत मोडतात. वाफ दिली की टिकतात. तोवर आमचा चहा पार निवायचा. मी एकदा कुरकुर केली, तर म्हणाले, गार चहानं माणूस मोडत नाय. पंख्याचं तर नावच काढायचं नाही, वाऱ्यानं शटल भरकटतं. एका दानशूर सभासदानं हॉलमध्ये दोन पंखे बसवले होते. खेळ सुरू झाला की मामा त्यांचा फ्यूज काढून खिशात घालायचे. मे महिन्यात आम्ही घामानं निथळत त्यांना शिव्या घालायचो, पण फ्यूज मागायची कुणाची छाती नव्हती.

मी वकील, बोलण्यावर माझं पोट. एकदा मी वाद घातला की, एवढं हलकं शटल, एवढ्या जोरात मारलं तर लांब जायला हवं, मग मध्येच का मरतं? मामांनी टोपलीतलं एक मोडकं शटल घेतलं, त्याची सगळी पिसं उपटली आणि नुसतं बूच फेकलं. ते समोरच्या भिंतीवर आपटून परत आलं. मग तेवढ्याच जोरात अख्खं शटल फेकलं. ते झपकन निघालं, जाळीपाशी दमलं आणि सरळ खाली पडलं. दगड फेकला तर कमान करून जातो. हे मात्र कुणीतरी मध्येच धरून खाली ठेवावं तसं.

"हवा दिसत नाय, पर आडवी येती," मामा म्हणाले. "पिसं उडायसाठी नसत्यात, वकीलसाहेब. थांबायसाठी असत्यात."

मग त्यांनी मला पुढचंही शिकवलं. उन्हाळ्यात हवा पातळ होते, शटल पळतं. पिसांची टोकं जराशी बाहेर वळवली की ते जास्त हवा धरतं आणि हळू होतं. रोजच्या खेळात आम्ही सर्रास वळवायचो. स्पर्धेत मात्र ती लबाडी. हे मला नीट माहीत होतं, हे आधीच सांगून ठेवतो.

त्या उन्हाळ्यात चाळिशीपुढच्यांच्या स्पर्धेत मी अंतिम फेरीत पोचलो. समोर वाळूजच्या कारखान्यातला एक इंजिनियर, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. त्याचा स्मॅश मला दिसायचा तो माझ्या मागे पडल्यावर. शटल हळू असतं तर माझा निभाव लागला असता. दुपारी हॉल रिकामा असताना मी मामांना म्हटलं, डबा जरा वळवून ठेवा.

"फूल दोघांचं असतं, साहेब," ते म्हणाले आणि झाडू लागले.

इथं मी निघून जायला हवं होतं. मी गेलो नाही. मी फक्त विचारलं, "पोरगी काय म्हणते, मामा?"

त्यांच्या मुलीचा नर्सिंगचा प्रवेश एका दाखल्यावाचून अडला होता, तो दाखला मी दोन दिवस खेटे घालून मिळवून दिला होता. ती आता शेवटच्या वर्षाला होती. मामा झाडता झाडता थांबले. बरी हाय, म्हणाले. मग कपाट उघडून त्यांनी डबा काढला. मी दुसरीकडे बघत उभा राहिलो, नीच माणूस!

मी जिंकलो. तिसऱ्या गेममध्ये, दोन गुणांनी. इंजिनियरनं हस्तांदोलन केलं, मग खाली पडलेलं शटल उचललं आणि त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या तक्रारीवरून समितीची बैठक भरली. समितीत मीही होतो, अध्यक्षांच्या उजव्या हाताला. मामांना आत बोलावलं. कुणाच्या सांगण्यावरून केलं, असं अध्यक्षांनी विचारलं. मामा पँटला हात पुसत उभे राहिले. किती वेळ उभे राहिले! ऑफिसचा पंखा करकरत होता आणि मी त्याच्याकडे बघत होतो.

"म्याच केलं," ते शेवटी म्हणाले. "फुलं लई पळत व्हती."

त्यांच्याकडून कपाटाची किल्ली काढून घेतली आणि त्यांना गेटवर बसवलं. शटल दोघांना सारखंच होतं, म्हणून निकाल तसाच ठेवला. हा मुद्दा मी मांडला. तेवढं मात्र मला बोलता आलं.

वर्षभर मामा गेटवर होते. आत शटलला वाफ द्यायला कुणी नव्हतं, पिसं मोडायची, सभासद चिडायचे. मामा आत डोकावायचेही नाहीत. मला मात्र रोज सलाम करायचे, पहिल्यासारखाच. तो सलाम चुकवायला मी अंधार पडल्यावर जाऊ लागलो.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले. मुलगी नर्स झाली होती. मी परतताना गाडी गेटपाशी थांबवली, काच खाली केली आणि कसंबसं म्हटलं, "मामा, त्या दिवशी मीटिंगमध्ये..."

"म्या लई येळ थांबलो व्हतो, साहेब," ते म्हणाले.

आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. वारं सुटलं होतं, गेटचं दार सारखं मिटत होतं. मामांनी ते पाठीनं रेटून धरलं आणि माझी गाडी बाहेर जाईपर्यंत धरून ठेवलं.

ते गावी गेले. गेटला आता दगड लावतात. स्पर्धेचा कप माझ्या घरी आहे. हे सगळं तुम्हाला सांगितलं, पण जिथं सांगायला हवं तिथं अजून नाही. दरवर्षी सर्वसाधारण सभेला मी ठरवून जातो. यंदाही गेलो. सगळे विषय संपले, चहा आला, आणि अध्यक्षांनी विचारलं, आयत्या वेळचा कुणाचा काही विषय?

ते बराच वेळ थांबले. मी पंख्याकडे बघत होतो.