प्रॉम्प्टरचं रक्त, नायिकेचा हात

त्या हिवाळ्यात वडशाच्या एका नाटक कंपनीने माझं नाटक बसवलं होतं. तालमीतच तापाची साथ आली. मॅनेजरने तपासणी शिबिर ठेवलं आणि बजावलं, ‘‘ज्याले मलेरिया निघन, त्याचा रोल दुसऱ्याले.’’ नायिकेला रोज दुपारी हुडहुडी भरत होती. तिच्या जागी यायला नागपूरची एक बाई तयारच होती.

शिबिर पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच होतं; त्याला शहरातून मोठे डॉक्टर आले. शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन आटोपल्यावर त्यांनी स्वतःचा शोध समजावला. शरीर आजवर ज्या आजारांशी झुंजलं, त्यांच्या अँटिबॉडी रक्तात राहतात. रक्ताचा थेंब पट्टीवर टाकला की त्यांच्या रेघांची नक्षी उमटते, दर माणसाची वेगळी. ‘‘नळीवरचं नाव पुसलं तरी रक्त कुणाचं ते माझी पट्टी सांगेल!’’ टाळ्या झाल्या. रक्त अजून कुणीच दिलं नव्हतं.

नायिका रात्रीच्या प्रयोगासाठी मेकअपला बसली होती. पडद्याआडून बांगड्या भरलेला हात बाहेर आला. हात जरा केसाळ होता, पण सिस्टरने तिथेच रक्त काढलं.

संध्याकाळी मलेरिया कुणालाच निघाला नाही. पट्ट्यांवर मात्र नायिकेच्या आणि विंगेतून संवाद सांगणाऱ्या आमच्या प्रॉम्प्टरच्या रेघा हुबेहूब सारख्या. डॉक्टरांना घाम फुटला.

‘‘पट्ट्या प्रवासात खराब झाल्या असतील,’’ ते पुटपुटले.

मला हसू आवरेना. आमच्याकडे नट आला नाही की प्रॉम्प्टर तोंडाला रंग लावून उभा राहतो. सगळ्यांचे संवाद त्यालाच पाठ असतात.

डॉक्टरांचा चेहरा पाहून प्रॉम्प्टरलाच दया आली. ‘‘पट्टी बराबर हाय, साहेब. दोन्ही हात माहेच व्हते.’’

‘‘काऊन रे?’’ मॅनेजर ओरडला.

‘‘बाईचा रोल जात व्हता ना भाऊ!’’

आपला शोध खरा ठरला म्हणून डॉक्टरांनी त्याला मिठीच मारली. मग नायिकेचं खरं रक्त घेतलं. मलेरिया निघाला. ती तोंड फिरवून रडू लागली. मॅनेजरने नागपूरला फोन लावला. पण ती बाई दुसऱ्या दिवशीच येऊ शकत होती. त्या रात्रीचा प्रयोग प्रॉम्प्टरने साडी नेसून काढला. माझ्या करुण प्रवेशाला लोक पोट धरून हसले. तिसऱ्या अंकात मागून कोणीतरी ओरडलं, ‘‘आमची बाई आणा, नाईतर तिकीट वापस करा!’’

सकाळी मॅनेजरने नागपूरच्या बाईला ‘येऊ नका’ म्हणून कळवलं आणि तो पाण्याचा गिलास घेऊन नायिकेच्या खाटेशी उभा राहिला.

‘‘गोळी घ्या, बाई. आराम करा. पण लवकर करा.’’