ती पुण्याची मुलगी मीच होतो

आमच्या धानपट्ट्यातल्या लहानशा गोरेगावच्या बाजाररस्त्यावर माझं सायबर कॅफे होतं तेव्हाची गोष्ट. चार कॉम्प्युटर, मधे प्लायवूडचे आडोसे. लहानपणापासून मला सगळे घुम्या म्हणत. समोर माणूस असला की शब्द घशातच राहायचे. कीबोर्डवर मात्र सुटायचे. दोस्त म्हणावा असा एकच, कृषी केंद्रात कामाला असलेला. रोज संध्याकाळी यायचा, तीन नंबरवर बसून अनोळखी मुलींशी चॅटिंग करायचा. माझ्याशी बोलणं नेटपुरतं, "लाइन आहे का बे?" एवढंच.

म्हणून मी पुण्याची मुलगी झालो. खोटं नाव, कुण्या परक्या मुलीचा उचललेला फोटो. तेव्हा कॅफेतली निम्मी पोरं खोट्या नावानंच बसायची. याला गुन्हा म्हणतात हे कुणाच्या गावीही नव्हतं. माझ्या मनात मात्र असणार, कारण तो आला की मी माझा मॉनिटर भिंतीकडे वळवायचो.

तिला तो सगळं सांगायचा. बापाचा मार, दुकानातला अपमान, सगळं. तिनं काही गमतीचं लिहिलं की आडोशापलीकडून त्याचं हसू ऐकू यायचं.

पुण्याची भाषा मी जपून लिहीत होतो. एकदा तो दोन दिवस आलाच नाही. तिसऱ्या दिवशी रागात 'का'च्या जागी आमचं 'काऊन' लिहून गेलो, "दोन दिवस काऊन नाही आलास?"

संपलं, असं वाटलं. तो उठून थेट काउंटरवर आला.

"अबे, पाह्य ना! पुण्याची पोरगी 'काऊन' म्हणून राहिली! माह्यासाठी आपली बोली शिकली बे!"

मी म्हणालो, "हो ना."

त्याच आठवड्यात त्यानं केशोरी गावच्या मुलीशी जमत आलेलं लग्न मोडलं. मुलीच्या बापाला स्वतः जाऊन नाही म्हणून आला. तेव्हाही सांगता आलं असतं. मी ते अकाउंट डिलीट केलं आणि गप्प बसलो. तो वर्षभर तीन नंबरवर येऊन वाट पाहत राहिला. केशोरीच्या मुलीचं दुसरीकडे झालं. त्याचं झालंच नाही.

कॅफे बंद पडल्यावर बऱ्याच वर्षांनी त्याला घरी बोलावून सांगितलं. त्यानं विचारलं,

"म्हणजे तिले जे सांगितलं, ते तुलेच सांगत होतो?"

"हो."

"तोंडानं इचारलं असतं, तरी सांगितलं असतं ना बे."

चप्पल घालून निघून गेला. त्यानंतर त्यानं माझा फोन उचलला नाही. दुसऱ्या कुणाच्या नंबरवरून मी लावला नाही.